जुनी सायकल, नवा संशय

घरात वापरून झालेली वस्तू घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकली, तर त्या पैशावर प्राप्तिकर लागत नाही. अनेक देशांच्या करकायद्यांत हे या ना त्या रूपात मान्य आहे. अमेरिकेत अशा विक्रीत नफा झाला तरच कर आहे, तोटा झाला तर काही देणं नाही. जर्मनीने रोजच्या वापरातल्या वस्तूंची खाजगी विक्री करातून वगळली आहे. फ्रान्समध्ये फर्निचर, घरगुती उपकरणं आणि मोटारी यांना सूट आहे. ब्रिटनमध्ये एखादी घरगुती वस्तू ६,००० पौंडांपर्यंत गेली, तर भांडवली नफ्यावरच्या कराचा विषयच निघत नाही. यामागचा विचार सरळ आहे. ती वस्तू कर भरून उरलेल्या कमाईतून घेतलेली असते, घेताना खरेदीवरचा करही भरलेला असतो, आणि वापरून वापरून तिची किंमत उतरलेली असते. १,२०० डॉलरची सायकल ७०० ला विकणारा माणूस कमाई करत नाही, गेलेल्यातलं थोडंफार परत मिळवतो.

तरी आता अनेक देशांत विक्री एका ठराविक मर्यादेपुढे गेली, की ती ज्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर झाली त्याने विक्रेत्याची माहिती करखात्याला कळवायची असते. ज्या व्यवहारावर कर नाही, त्याची खबर करखात्याला कशाला हवी? आणि ती देण्यासाठी विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख, करक्रमांक आणि बँक खातं एका खाजगी कंपनीच्या हवाली का करायचं? गेल्या काही वर्षांत सरकारांनी या प्रश्नाला हात घातला, पण माझ्या मते बहुतेकांनी तो चुकीच्या टोकाने धरला. व्यापारी कोण आणि घर आवरणारा कोण, हे ओळखायचं सोडून त्यांनी रक्कम मोजली. रक्कम मोजायला सोपी असते, एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल.

अमेरिकेत या मर्यादेची जी ओढाताण झाली, ती पाहण्यासारखी आहे. २००८ साली घरबांधणी आणि आर्थिक सावरणीसाठी केलेल्या एका कायद्यात हे कलम आलं. ऑनलाइन विक्रीचे पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक विक्रेत्याला वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम करखात्याला कळवायची, असं त्यात होतं. त्या फॉर्मला १०९९-के म्हणतात. मर्यादा दुहेरी होती. २०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम आणि २०० पेक्षा जास्त व्यवहार, असं दोन्ही झालं तरच नाव जाणार. कपाट रिकामं करणाऱ्याच्या वाटेला हा फॉर्म सहसा येत नसे. मार्च २०२१ मध्ये कोविडच्या मदतीसाठी केलेल्या कायद्याने ही मर्यादा एकदम ६०० डॉलरवर आणली आणि व्यवहारांच्या संख्येची अट काढूनच टाकली. म्हणजे एखादा बऱ्यापैकी फोन विकला की झालं.

पुढे काय व्हायचं ते झालं. खुद्द करखात्यालाच ते झेपेना. डिसेंबर २०२२ मध्ये अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलली, नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा ढकलली. मग २०२४ साठी ५,०००, २०२५ साठी २,५०० आणि त्यानंतर ६०० अशा पायऱ्या आखल्या. शेवटी जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सगळंच गुंडाळून २०,००० आणि २०० ची जुनी अट परत आणली, तीही मागच्या तारखेपासून. मधली चार वर्षं जणू झालीच नाहीत! तरी मॅसॅच्युसेट्स, व्हर्माँट अशा काही राज्यांनी आपल्यापुरती ६०० डॉलरची मर्यादा ठेवलेली आहे, त्यामुळे आपली ७०० डॉलरची सायकल तिथे आजही कागदावर येऊ शकते.

युरोपीय संघाने अशी माहिती कळवण्याबाबत मार्च २०२१ मध्ये निर्देश काढला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. डॅक-७ हे त्याचं प्रचलित नाव. तिथली सूट अशी आहे, की एका प्लॅटफॉर्मवर वर्षात ३० पेक्षा कमी विक्री झाली असेल आणि रक्कम २,००० युरोच्या वर गेली नसेल, तर विक्रेत्याचं नाव पाठवायचं नाही. यातला फरक बारीक दिसतो, पण आहे मोठा. अमेरिकेत दोन्ही अटी ओलांडल्यावर नाव जातं, युरोपात एक ओलांडली तरी पुरते. लहान मूल भराभर वाढतं, कपडे आखूड होतात, पालक ते एकेक करून विकतात. ३ युरोला एक, असे ३० कपडे गेले तर हातात ९० युरो आले. तेवढ्यावर त्या पालकाचं नाव, जन्मतारीख आणि करक्रमांक सरकारी यादीत जातो. ब्रिटनने हेच नियम १ जानेवारी २०२४ पासून घेतले. कॅनडाचा साचाही तोच आहे, फक्त रक्कम २,८०० कॅनेडियन डॉलर. मूळ आराखडा आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने जुलै २०२० मध्ये मांडला होता, तो भाड्याच्या खोल्या, टॅक्सी आणि घरपोच कामं यांच्यासाठी. वस्तूंची विक्री त्याला नंतर जोडली गेली, आणि घोळ तिथूनच सुरू झाला असं मला वाटतं. खोली भाड्याने देणारा कमावतो, हे गृहीत धरायला हरकत नाही. जुना सोफा काढणाऱ्याबद्दल तसं गृहीत कसं धरणार?

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ मध्ये 'जोडधंद्यावर नवा कर' आल्याची ओरड झाली. नवा कर नाही, असा खुलासा करखात्याला करावा लागला, आणि तो अक्षरशः खरा होता. कर जुनाच होता. नवीन होती ती नजर. लोकांना करकायद्यातलं काही कळत नाही म्हणून तेव्हा त्यांची थट्टाही झाली, पण त्यांना नेमकं काय खुपलं ते थट्टा करणाऱ्यांना कळलं नाही.

करखात्याची बाजू मात्र हलक्यात घेण्यासारखी नाही. अमेरिकी करखात्याच्या अंदाजानुसार पगारासारख्या उत्पन्नात, जिथे देणारा कर कापतो आणि कळवतोही, लपवाछपवी १ टक्क्याच्या आसपास आहे. जिथे तिसरं कुणी फारसं कळवतच नाही, तिथे ती ५५ टक्क्यांवर जाते. ६०० डॉलरच्या मर्यादेमुळे दहा वर्षांत ८.४ अब्ज डॉलर जादा जमतील, असा अंदाज तिथल्या संसदेच्या करसमितीने मांडला होता. खोक्यांनी नवे बूट आणून, त्यावर 'एकदाच वापरलेले' असं लिहून विकणारे आहेतच, आणि ते कर भरणाऱ्या दुकानदाराच्या पोटावर पाय देतात. तेव्हा कळवणंच नको, असं माझं म्हणणं नाही. पण ५५ टक्के हा आकडा उत्पन्नाविषयी आहे. सायकल विकणाऱ्याला उत्पन्नच झालेलं नाही, तर तो लपवणार काय?

आता त्या फॉर्मवर काय असतं ते पाहू. १०९९-के वर ढोबळ रक्कम असते. प्लॅटफॉर्मचं कमिशन, कुरिअरचा खर्च, गिऱ्हाइकाला परत केलेले पैसे, यातलं काहीही त्यातून वजा झालेलं नसतं. वस्तू कोणती, नवी की जुनी, केवढ्याला घेतली होती, याचा पत्ता नाही. युरोपच्या अहवालात प्रत्येक तिमाहीची रक्कम, व्यवहारांची संख्या आणि कापलेलं कमिशन असतं, पण वस्तूचं नाव तिथेही नाही. हे ऐकून आधी बरं वाटतं. कुणाच्या घरातून पाळणा गेला, कुणी लग्नाचा पोशाख विकला, कुणी व्हीलचेअर काढली, हे करखात्याला कळत नाही. माणूस काय विकतो त्यावरून त्याच्या घरात काय घडलं ते ओळखता येतं, म्हणून ती माहिती न जाणंच चांगलं.

मेख इथेच आहे. नुसत्या आकड्यावरून घर आवरणारा आणि व्यापारी सारखेच दिसतात. त्यामुळे विवरणपत्रातला आकडा आणि प्लॅटफॉर्मने कळवलेला आकडा जुळला नाही, की खुलासा विचारला जाणार, आणि तो देताना सगळं बाहेर काढावं लागणार. आठ वर्षांपूर्वीची पावती काढा. पावती नसेल तर तेव्हाचं कार्डाचं स्टेटमेंट शोधा. तेही नसेल तर वस्तूचे जुने फोटो दाखवा, जाहिरातीचा मजकूर द्या, खरेदीदाराशी झालेली बोलणी द्या. व्हीलचेअर कुणाची होती? आईची. मग विकली का? अहवाल त्रोटक ठेवून कायद्याने जे झाकलं, ते निर्दोष माणसाला स्वतःच्या हाताने उघडं करावं लागतं. व्यापाऱ्याला याचं काही वाटत नाही. त्याच्याकडे वह्या असतात, खरेदीची बिलं असतात, हिशेब बघणारा माणूस असतो. घराची वही नसते. भेट आलेल्या घड्याळाची पावती कुणी मागून घेत नाही, आणि आजोबांच्या कॅमेऱ्याची तर आजोबांकडेही नसते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी.

अमेरिकी करखात्याला याची जाणीव आहे, असं दिसतं. २०२४ सालच्या विवरणपत्राच्या एका जोडपत्रात वरच एक जागा ठेवली आहे. चुकून कळवली गेलेली रक्कम, किंवा तोट्यात विकलेल्या घरगुती वस्तूंची रक्कम तिथे लिहायची, म्हणजे तिच्यावर कर लागत नाही. छोटी पण शहाणपणाची सोय. तरी एक विचित्र गोष्ट उरतेच. जुन्या गिटारीचे घेतल्यापेक्षा ३०० डॉलर जास्त आले तर ते करपात्र. त्याच वर्षी सोफ्यात ८०० गेले, तर ते या ३०० मधून वजा करता येत नाहीत, कारण सोफा झिजणं हा घरखर्च. कायद्याच्या तर्कात हे बसतं. पण दोन्ही व्यवहार एकाच फॉर्ममध्ये ढोबळ बेरीज होऊन आले, की कुठल्या वस्तूत नफा आणि कुठल्यात तोटा, हे सुटं करून दाखवायचं ओझं पुन्हा विकणाऱ्यावरच.

ही माहिती राहते कुठे, हा भाग तर आणखी दुर्लक्षित आहे. डॅक-७ नुसार प्लॅटफॉर्मने आपल्या नोंदी किमान ५ आणि जास्तीत जास्त १० वर्षं ठेवायच्या असतात. वर्षभरात नको असलेलं सगळं विकून कुणी खातं बंद केलं, तरी त्याचा करक्रमांक तिथे राहणार. तीन अ‍ॅपवर विक्री केली तर तीन ठिकाणी राहणार, कारण मर्यादा प्रत्येक प्लॅटफॉर्मपुरती मोजतात. या कंपन्यांचा मूळ धंदा जाहिराती लावणं आणि पैसे वळते करणं हा आहे. नागरिकांची ओळखपत्रं जपून ठेवणं हे काम त्यांच्या गळ्यात सरकारने घातलं, त्यांनी ते मागितलं नव्हतं.

सरकारी कपाटं तरी भक्कम आहेत का? ब्रिटनच्या करखात्याने २००७ मध्ये दोन सीडी टपालात हरवल्या. त्यांवर मुलांसाठी भत्ता घेणाऱ्या कुटुंबांतल्या सुमारे अडीच कोटी माणसांची माहिती होती. बल्गेरियाच्या महसूल संस्थेत २०१९ मध्ये घुसखोरी झाली, आणि साधारण ७० लाख वस्तीच्या त्या देशात ५० लाखांहून जास्त लोकांचा तपशील बाहेर पडला. त्यातून निघालेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये म्हटलं, की आपल्या माहितीचा पुढे गैरवापर होईल ही भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते. ही भीती म्हणजे काही वाट्टेल ते मनात आणणं नव्हे, हे आता न्यायालयाच्या कागदावर आहे.

आणि एक धोका असा, की जो या नियमांनीच जन्माला घातला. डॅक-७ मध्ये तरतूद आहे, की विक्रेत्याने मागितलेली माहिती दिली नाही तर त्याला दोन स्मरणपत्रं पाठवायची, आणि ६० दिवस उलटल्यावरही उत्तर आलं नाही तर खातं बंद करायचं किंवा पैसे रोखून धरायचे. अमेरिकेत करक्रमांक न देणाऱ्याच्या रकमेतून २४ टक्के कापून ठेवण्याचा नियम आहे. आता या नियमाप्रमाणे येणारा खराखुरा संदेश कसा असेल पाहा. 'आपला करक्रमांक आणि जन्मतारीख ताबडतोब भरा, अन्यथा आपलं खातं बंद करण्यात येईल आणि आपले पैसे रोखले जातील. खालील लिंकवर क्लिक करा.' गेली वीस वर्षं बँका, पोलीस आणि खुद्द करखाती लोकांना घसा फोडून सांगत आहेत, की असा संदेश आला तर समजा तो भामटा आहे. आता कायद्यानेच भामट्याची भाषा उचलली. खरा संदेश आणि खोटा संदेश शेजारी ठेवले तर सराईत माणूसही गोंधळेल, मग जिने आयुष्यात पहिल्यांदा एक शिलाई मशीन विकायला काढलं आहे तिने काय करायचं?

ती बहुधा अ‍ॅपचा नाद सोडेल. ओळखीत विचारेल, रोख पैसे घेईल, अनोळखी माणसाला घरी बोलावेल. किंवा 'मित्राला पाठवलेले पैसे' असं दाखवून रक्कम मागवेल, ज्यात फसवणूक झाली तर दाद मागायला जागा नसते. कर तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. फरक एवढाच, की सुरक्षित वाट सोडून ती असुरक्षित वाटेला लागली.

कामापुरती माहिती मागणं जमतच नाही, असं नाही. अमेरिकेचाच आणखी एक कायदा घ्या, २७ जून २०२३ पासून लागू झालेला. त्याचा उद्देश कर हा नाही, चोरीचा आणि बनावट माल ऑनलाइन विकणाऱ्यांना पकडणं हा आहे. त्यासाठी प्लॅटफॉर्मने मोठ्या विक्रेत्यांची ओळख तपासायची असते. मोठा कोण? मागच्या दोन वर्षांतल्या कुठल्याही सलग बारा महिन्यांत २०० किंवा अधिक विक्री आणि ५,००० डॉलर किंवा अधिक रक्कम, असं दोन्ही ज्याचं झालं तो. आणि मोजायच्या त्या फक्त नव्या किंवा न वापरलेल्या वस्तू. जुनी वस्तू या हिशेबात धरलेलीच नाही. वर्षाला २०,००० डॉलरच्या पुढे गेलेल्या विक्रेत्याला आपला पत्ता गिऱ्हाइकांना दाखवावा लागतो, पण त्याच्याकडे घराशिवाय दुसरा पत्ता नसेल तर फक्त देश आणि राज्य दाखवून भागतं. हा कायदा लिहिताना कुणीतरी घरी एकटी राहणारी विक्रेती डोळ्यांसमोर आणली असावी. करकायदा लिहिणाऱ्यांनी ती आणली नाही.

न्यायालयांनीही दिशा दाखवली आहे. लॅटव्हियाच्या करखात्याने जाहिरातींच्या एका संकेतस्थळाकडे मोटारी विकणाऱ्यांची माहिती मागितली होती. जाहिरातीची लिंक, मजकूर, मोटारीचं मॉडेल, चॅसिस क्रमांक, किंमत, विकणाऱ्याचा फोन नंबर, सगळं, आणि तेही दर महिन्याला, शेवटची तारीख न सांगता. युरोपीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला, की करखातं झालं म्हणून त्याला माहिती-संरक्षणाच्या नियमांतून आपोआप सूट मिळत नाही. जेवढी कामाला लागते तेवढीच माहिती, आणि जेवढा काळ खरोखर गरजेचा आहे तेवढ्याच काळापुरती मागता येईल. मागणाऱ्यानेच ती गरज दाखवायची. मला हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कारण मर्यादेचे नियम नेमकं उलटं करतात. रक्कम ओलांडली की सरकारचं काम संपलं, आपण व्यापारी नाही हे दाखवण्याचं काम नागरिकाचं.

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियाने एक सोपा मार्ग घेतला आहे. तिथे प्लॅटफॉर्मनी प्रवासी वाहतूक, भाडं आणि कामाचे मोबदले कळवायचे असतात, पण ज्यात वस्तूची मालकी कायमची बदलते ते व्यवहार कळवण्याच्या यादीबाहेर ठेवले आहेत. मला हे थोडं सैल वाटतं, कारण त्यात खोक्यांनी बूट विकणाराही सुटतो. त्याला पकडायचं तर त्याच्या वागण्यावरून पकडावं. वस्तू विकायला ठेवताना ती नवी आहे की वापरलेली, हे बहुतेक प्लॅटफॉर्म आधीच विचारतात. तेवढी एक खूण अहवालात गेली तर करखात्याचं अर्धं काम होईल, आणि त्यातून पाळणा आहे की व्हीलचेअर हे कळणारही नाही. कुणी म्हणेल, व्यापारी खोटं लिहील. लिहील ना. पण एकाच जातीचे ६० जोड, सगळ्या मापांत, महिनोन्‌महिने विकणारा माणूस स्वतःचे पाय विकत नसतो हे प्लॅटफॉर्मला कळतं. नकली माल आणि चोरीची कार्डं हुडकायला त्यांच्या यंत्रणा नेमकं हेच पाहत असतात. अशा विक्रेत्याचं नाव रक्कम लहान असली तरी जावं, आणि घर बदलताना एकदाच ५,००० युरोचं सामान काढणाऱ्याचं जाऊ नये. रक्कम धरायचीच असेल तर ती संख्येच्या जोडीने धरावी, दोन्ही अटी ओलांडल्यावरच नाव जावं. ९० युरोवाल्या पालकाला यादीत घालून कुठल्याही तिजोरीत काही पडत नाही, अहवाल वाचणाऱ्या कारकुनाचा वेळ तेवढा जातो.

ओळखीच्या कागदांचं उत्तर तर डॅक-७ मध्येच लिहून ठेवलेलं आहे. सदस्य देशाने किंवा संघाने ओळख पटवण्याची सेवा उभी केली, आणि प्लॅटफॉर्मने तिथून विक्रेत्याची ओळख व करनिवास (म्हणजे करासाठी तो कोणत्या देशाचा रहिवासी) थेट पडताळून घेतला, तर जन्मतारीख, पत्ता वगैरे तपशील प्लॅटफॉर्मने गोळा करण्याची सक्ती उरत नाही. म्हणजे माणूस सरकारकडे स्वतःची ओळख पटवेल, सरकार कंपनीला एक खूणक्रमांक देईल, आणि कंपनी त्या खुणेवर रक्कम कळवेल. कंपनीचं कपाट फुटलं तरी चोराच्या हाती निरर्थक आकडे लागतील. ही सेवा उभारण्याचा खर्च सरकारांनी करायला हवा, कारण माहिती त्यांना हवी आहे. तोवर निदान एवढं तरी व्हावं, की ज्या विक्रेत्याचं वर्ष मर्यादेच्या आत संपलं, त्याच्याकडून सावधगिरी म्हणून घेऊन ठेवलेला करक्रमांक नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात पुसला जावा, आणि पुसल्याची लेखी पोच त्याला मिळावी. कळवलेल्या रकमेची प्रत विक्रेत्याला देण्याचं बंधन प्लॅटफॉर्मवर आधीच आहे. तीच यंत्रणा ही पोचही पाठवू शकते.